चांगुणाचा पाळणा, शाळेचा पट

चांगुणा कुणाच्याही सुनेच्या पोटाकडे आधी बघायची, तोंडाकडे मग. जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या अंगाला असलेल्या त्या एवढ्याशा गावात ती समोरून आली की तरण्या बायका ओढणी सावरून गल्ली बदलत.

शाळेत खिचडी शिजवणं हे तिचं काम. पूर्वी चुलीवर दोन मोठी पातेली चढायची. आता एकच, तेही अर्धं. उन्हाळ्याच्या सुटीआधी गुरुजींनी सांगून टाकलं, "मावशी, पट घसरला. असाच राहिला तर आपली शाळा शेजारच्या गावाला जोडतील." पट म्हणजे हजेरीवरची पोरं. पोरं गेली की पातेलं गेलं, पातेलं गेलं की चांगुणा गेली. तिनं याचा सरळ अर्थ लावला: गावातल्या बायका कामचुकारपणा करून राहिल्यात.

तिच्याकडे एक सागवानी पाळणा होता. तिच्या मायनं नऊ बाळंतपणं काढली, त्यातली चार पोरं जगली. चांगुणाची मात्र दोन्ही पोरं या पाळण्यात निजली आणि जगली, अन् पाळण्याचं नाव झालं, लाभाचा पाळणा. दिवस राहिले की बायका तो मागायला यायच्या. एका घरून सुटला की दुसऱ्या घरी टांगला जायचा. मागितल्याशिवाय मात्र तो कुणाच्या दारी न्यायचा नाही. न मागता नेला तर ते घालूनपाडून बोलणंच. अलीकडं तो गोठ्यात लटकून होता, कोंबड्या त्यात अंडी घालत.

चांगुणानं रिवाज मोडला. भर दुपारी पाळणा डोक्यावर घेतला आणि पंजाबरावांच्या ओट्यावर नेऊन आदळला. त्यांची सून जयमाला एका पोरीवर थांबलेली, आणि ती पोरगीही पिवळ्या बसनं तालुक्याच्या कॉन्व्हेंटात जाणारी.

जयमालानं हातातलं सूप बाजूला ठेवलं. "हे काय आनलं?"

"दिसत नाई का तुले? दुसऱ्याची तयारी कर."

"म्या मांगला होता का?"

"मांगत नाई म्हणूनच आनला. तुमच्या एकेकीच्या आळसापायी शाळा बंद पडून राह्यली."

"मावशी, तुमच्या खिचडीसाठी म्या बाळंत होऊ का?"

शेजारच्या ओट्यावर शालूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. चांगुणाला ते जास्त झोंबलं. "आमच्या वख्ताले बाया अशा कोरड्या नव्हत्या," ती म्हणाली.

"मंग तुम्ही दोनावर काऊन थांबल्या? तुमच्या मायनं तं नऊ काढले."

"दोन्ही जगले म्हणून थांबली. पुढं कशाले काढू?"

"माही एक जगली. दोघाइले शिकवनं आमच्यानं होत नाई, म्हणून मीही थांबली." जयमाला उठून उभी राहिली. "अन् तुमच्या गणेशभाऊची छकुली? तेही एकच ना? आना तिले पुण्याहून, घाला गावच्या शाळेत. तेवढाच पट वाढंल."

हे चांगुणानं गणेशला फोनवर सांगून बघितलं होतं. पोरगा हसला होता, आणि मागून सूनबाई म्हणाली होती, "तिथं राहून तिचं काय होणार आहे?"

"पाळणा उचला," जयमाला म्हणाली. "नाईतर चुलीत घालीन."

"घाल. सागाचा आहे, बरा जळंल."

त्या संध्याकाळी पंजाबरावांच्या न्हाणीतलं पाणी कशावर तापलं, ते सगळ्या आळीनं नाकानं ओळखलं. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

शाळा उघडायच्या वेळी गुरुजींचं बोलणं खरं झालं. उरलीसुरली पोरं एका ऑटोत मावली आणि शेजारच्या गावी जाऊ लागली. पहिल्याच दिवशी चांगुणाही त्यांच्यात दाटीवाटीनं बसली.

तिथली खिचडीवाली अन्नपूर्णाबाई पातेल्याच्या आडवी उभी राहिली. "तू काऊन आली व?"

"पोट्टे माहे आहेत."

"होते. आमचाही पट घसरलाच होता. तुह्या पोट्ट्याइनं तो भरला, आमची शाळा वाचली. लय उपकार झाले तुह्या गावाचे. पन येथी एकाच बाईचं काम आहे."

चांगुणानं तिच्या खांद्यावरून पातेल्यात डोकावून बघितलं. खिचडी लालभडक.

"तिखट कमी टाकत जा," ती म्हणाली. "माह्या लहान्याइले सोसत नाई."

अन्नपूर्णाबाईनं तिच्या डोळ्यात बघत तिखटाच्या डब्यात हात घातला आणि आणखी एक मूठ पातेल्यात सोडली.