रोवणीतले उलटे शब्द

सरकारी कारकुनाच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो आणि दोन्ही वेळा मला पाडलं ते विरुद्धार्थी शब्दांनी. गणित माझं बरं होतं. निबंध तर मी असा लिहायचो की तपासणाऱ्याला वाटावं, हा पोरगा देशाचं काहीतरी करूनच राहणार. पण 'पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा' ही ओळ दिसली की मी पेनला टोपण लावायचो. लाखनीकडच्या आमच्या गावात कोणताही शब्द उलटा करायचा झाला तर त्याच्यामागे 'नाही' लावलं की भागायचं. शहाणा, शहाणा नाही. सरकारचं तेवढ्यानं भागत नसे. पहिल्या खेपेला 'सज्जन' हा शब्द आला, तर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शेजारच्या शेताचा बांधीवाला उभा राहिला, जो दरवर्षी धुरा, म्हणजे मधला बांध, कोरून आमच्या धानात सरकत असे. त्याचं नाव लिहिण्याचा मोह मी कसाबसा आवरला. 'दुर्जन' हा शब्द मला पेपर दिल्यावर आठवला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि माझी वयाची अटही. तिसरी खेप म्हणजे शेवटची. तेवढ्यात जवाहरनगरच्या एका मुलीचं स्थळ आलं. तिचे वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला होते आणि क्वार्टरमध्ये राहत होते. आम्ही पाहायला गेलो. चहा झाला, पोहे झाले, आणि त्यांनी मलाच विचारलं, "दोन वेळा कायच्यात गेले?"

"विरुद्धार्थी शब्दात," मी म्हणालो.

दाराच्या पडद्यामागून फस्सकन हसू आलं. तिचंच होतं. एवढं मोकळं हसू मी आमच्याकडच्या कोणत्याही मुलीचं ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्यावर होतं याचंही मला काही वाटलं नाही. मला ती आवडली. अगदी फार आवडली. तिचे वडील मात्र हसले नाहीत. "नोकरीचा कागद दाखवा, पोरगी तुमची," असं म्हणून त्यांनी पायात चपला घातल्या, कारण फॅक्टरीची बस यायची वेळ झाली होती.

भंडाऱ्याहून मी गाईड आणलं आणि अभ्यासाला बसणार, तोच रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली. धानाच्या मुलखात रोवणीच्या दिवसांत घरात बसलेला धडधाकट माणूस दिसला तर लोक त्याची प्रकृती विचारायला येतात. मी बाबांना म्हणालो, माझी परीक्षा आहे.

"परीक्षा दिवाळीनंतर हाये," बाबा म्हणाले. "रोवणी आज हाये."

म्हणून मी प्लास्टिकच्या पिशवीत गाईड गुंडाळून धुऱ्यावर बसलो. पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या खालच्या बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, फेकायच्या आणि मधल्या वेळात पुटपुटायचं, असा बेत होता. खाली चिखलात बायांची ओळ वाकून मागे मागे सरकत रोवत होती. ओळीच्या टोकाला आमच्याकडे कित्येक वर्षं येणारी म्हातारी मुकादमीण होती. तिचे कान फार तिखट.

"काय बडबडून राहिला रे बापू?"

"उलटे शब्द पाठ करून राहिलो."

"मोठ्यानं म्हण न मंग. आमचं बी मन लागन."

मी मोठ्याने म्हणू लागलो. दोन दिवसांत असं झालं की मी शब्द टाकायचा आणि ओळीने उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक उत्तराबरोबर चार बोटं रोप घेऊन चिखलात जायची. उदय? अस्त! जय? पराजय! रोवणीच्या गाण्याची चाल त्याला आपोआप लागली. बायांनी काही दुरुस्त्याही केल्या. 'आळशी?' असं विचारलं की गाईडात 'उद्योगी' होतं, पण ओळीतून एकमुखाने "बापू!" असं यायचं आणि माझी मायही त्यात सामील असायची. 'श्रीमंत' आला तेव्हा एकीने विचारलं, "म्हणजे तुह्या बाबा का?" बाबा पलीकडच्या धुऱ्यावर उभे होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं, पण दुपारच्या भाकरीबरोबर त्या दिवशी बायांना लोणचं जास्त मिळालं.

एकच शब्द अडला. मी बेसावधपणे पुढचा शब्द टाकला, "माहेर?"

ओळीतून उत्तर आलं नाही. हात थांबले. मला वाटलं बायांना समजलं नाही, म्हणून मी मदतीसाठी तोंड उघडलं, तर मुकादमीण कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"हे नोको इचारू. कामाच्या वक्ती माहेराचं नाव काढलं का हात चालत नाही."

"पण परीक्षेत येते ना ते!"

यावर चिखलातच चर्चा झाली. शेवटी मायने तोडगा काढला. पोराचं नुकसान नको, विचारायचं असेल तर विचारू दे, पण उत्तर कोणी द्यायचं नाही. ज्याला त्याला माहीत आहे. तेव्हापासून 'माहेर?' असं म्हटलं की सगळी ओळ गप्प एक रोप लावायची आणि मग मी पुढचा शब्द टाकायचा. मला हा अडाणीपणा वाटला. बी.ए. झालेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी अडाणीपणा वाटतात.

पुढे एक बाई तापाने पडली आणि ओळीत माणूस कमी पडला. मायने माझ्या हातातलं गाईड काढून घेतलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली आणि मला ओळीत उभं केलं. बाप्यामाणसाने बायांच्या ओळीत रोवायचं, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक बैलबंडीला थांबून पाहण्याजोगा प्रकार. आता शब्द मुकादमीण टाकू लागली. तिला पुस्तकाची गरज नव्हती, सगळा क्रम तिच्या तोंडात बसला होता. रोवणी संपेपर्यंत माझी कंबर गेली, पण शब्द असे पक्के झाले की झोपेत कुणी 'आदि' म्हटलं असतं तर मी 'अंत' म्हणून कूस बदलली असती.

परीक्षा भंडाऱ्याच्या एका शाळेत होती. पेपर हातात आला. पहिला शब्द 'उत्कर्ष'. मी हसलो, पेन उचललं, आणि लक्षात आलं की मला उत्तर येत नाही. म्हणजे येत होतं, पण मधूनच येत नव्हतं. ओळ जिथून सुरू व्हायची तिथूनच सुरू करावी लागत होती. मी डोळे मिटून मनात मुकादमिणीचा आवाज लावला. उदय, अस्त. जय, पराजय. चाल धरली की शब्द भराभर येत. मी एकेक उत्तर अंगठ्याने दाबून लिहीत होतो आणि माझ्या नाकातून गुणगुण येत होती, हे मला माहीत नव्हतं.

पर्यवेक्षक जवळ आले. "काय करून राहिले तुम्ही?"

"पेपर लिवून राहिलो सर."

"मंग मांगं मांगं काहून सरकून राहिले?"

रोवणी मागे सरकत करतात. मी प्रत्येक उत्तराबरोबर बाकावर थोडा थोडा मागे सरकत गेलो होतो आणि माझी पाठ मागच्या उमेदवाराच्या दौतीला टेकली होती. तो बिचारा दोन्ही हातांनी दौत धरून बसला होता. मला पुढे ओढून बसवण्यात आलं आणि मी पुन्हा 'उदय'पासून सुरुवात केली.

शेवटचा शब्द 'माहेर' होता. मुकादमीण म्हणाली, "माहेर?" आणि माझ्या डोक्यात सगळी ओळ गप्प झाली. चिखलात रोप घुसल्याचा आवाज तेवढा आला. मी पुन्हा सुरुवातीपासून आलो, पुन्हा तिथेच शांतता. गावातल्या शेंबड्या पोराला येणारा शब्द, पण माझ्या गळ्यापर्यंतसुद्धा आला नाही. घंटा झाली. ती जागा कोरीच राहिली.

त्या एका मार्काने मी निवडीच्या यादीतून घसरून प्रतीक्षा यादीत गेलो. जवाहरनगरला कळवलं. निरोप आला, "यादी म्हणजे कागद नाही." आणि मग गावातल्या प्रत्येकाने मला मुद्दाम येऊन सांगितलं की तुमसरच्या एका राईस मिलवाल्याच्या घरून त्याच मुलीला पाहून गेले. मी जेवत नव्हतो. मायने कारण विचारलं, मी खरं सांगितलं, तर म्हणाली, "आमच्याच पायी गेला तुह्या मार्क." पण ते म्हणताना तिला फारसं वाईट वाटत होतं असं मला दिसलं नाही, आणि त्याचा मला राग आला.

तुमसरचं स्थळ मोडलं नाही, नुसतं लांबलं. मुलीनेच घरी सांगितलं होतं की उन्हाळ्यापर्यंत थांबू. हे मला तिने फार नंतर सांगितलं, आणि का थांबू म्हणालीस असं विचारलं तर पुन्हा तसंच फस्सकन हसली. उन्हाळा लागता लागता यादीतला वरचा एकजण मास्तर झाला आणि मला ऑर्डर आली. नेमणूक निघाली नेमकी तुमसरला. तिच्या वडिलांनी कागद उजेडात धरून शिक्का पाहिला आणि तारीख काढायला सांगितली.

वरात परत आली तेव्हा दुपार टळली होती. दारात आमची रोवणीची सगळी ओळ हात पसरून उभी. नाव घ्यायला लावतील म्हणून नवरीने मनातल्या मनात तयारी केली होती, पण मुकादमीण म्हणाली, "नाव त सबनच घेतात. ही बापूची बायको हाये. हिची परीक्षा घ्या लागते."

"उदय?"

"अस्त," नवरी खालमानेने म्हणाली. ती मॅट्रिक होती.

"जय?"

"पराजय."

"आळशी?"

"बापू!" सगळ्या बाया ओरडल्या आणि नवरी मुंडावळ्यांतून माझ्याकडे पाहून हसली. मांडवात हशा पिकला. बाबाही हसले. चाल पुढे पुढे जात राहिली, ती भराभर उत्तरं देत राहिली, आणि मग त्याच चालीत मुकादमिणीच्या तोंडून नेहमीचा शब्द निघाला.

"माहेर?"

नवरीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सकाळीच ती त्या क्वार्टरच्या पायऱ्या उतरली होती. वडील बसस्टॉपपर्यंत चालत आले होते आणि रुमालाने उगाच चष्मा पुसत होते. ओठ हलले तिचे, पण शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा आलं. बायांची ओळ नेहमीसारखी गप्प उभी होती. मी त्या ओळीकडे पाहिलं, माझ्या मायकडे पाहिलं. तीही कधीतरी याच दारात आली होती, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मायने पदराने सुनेचे डोळे पुसले. मुकादमीण दारातून बाजूला झाली.

"पास झाली," ती म्हणाली. "येऊ द्या आत."

परीक्षेत मीही अगदी हेच उत्तर दिलं होतं. पण तिचा पेपर तपासणाऱ्या बाया होत्या.