मासा तो मासा, मीठ ते मीठ

आमच्या समुद्रकाठच्या नवापुरात पावसाळाभर होड्या वर ओढलेल्या. मग खायचं काय? म्हणून उन्हाळ्यातच मासे खारवून माठात थर लावून ठेवायचे. त्याला आम्ही आगोट भरणं म्हणतो. माझ्या सासूबाईंचा माठ गावात एक नंबर. त्यावर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. माझी होती.

ऐंशी साल उजाडायचं होतं. आमचे हे बोईसरला कारखान्यात पाळीला जायचे, नुकतीच चाळिशी ओलांडलेली. चक्कर आली म्हणून पालघरच्या डॉक्टरांकडे नेलं, तर रक्तदाब वाढलेला. घरात कुणाला काही आजार, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं सांगितलं. उभा जन्म तांडेल म्हणून होडी हाकली त्या माणसानं, आणि साठीच्या आतच डोकं गेलं. शेवटी शेवटी आपल्याच बायकोला विचारायचे, "बाय, तू कोनाची?"

डॉक्टर म्हणाले, "मीठ आत्ताच कमी करा. या वयात दाब सांभाळला, तर म्हातारपणी डोकं शाबूत राहायची आशा जास्त."

मी घरी येऊन फर्मान काढलं. सासूबाईंनीही ते मनापासून पाळलं. डाळ अळणी, भाजी अळणी, भाकरीत मिठाचा कण नाही. आणि शेजारी खारवलेल्या घोळ माशाचा हा एवढा तुकडा!

दाब काही उतरेना. शेवटी डॉक्टरांनी रोजचं ताट वदवून घेतलं आणि कपाळाला हात लावला. अहो, पण अख्ख्या किनाऱ्यावर खाऱ्या माशाला मिठात धरतो कोण?

त्या दिवशी मी थेट माठावरच घसरले. सासूबाई भडकल्या. "मासा तो मासा, मीठ ते मीठ! सगळं अळणी घालते ना मी? आता माज्या पोराच्या तोंडचा मासाबी काढतेस?"

"मासा नाय, खारा काढते. ताजा गावला तर ताजा, नाय तर डाळ-पाला," मी म्हटलं. "आई, मामांनी तुमाला वळखलं नाय, तवा तुमी चुलीपाशी बसून रडत होता. मी बघितलंय. माज्यावर ती पाळी आनू नका."

सासूबाई दुसऱ्या दिवशी माठातले मासे टोपलीत भरून बोईसरच्या बाजारात विकून आल्या. बरेच दिवस माझ्याशी अबोला. ह्यांनीही ताटं सरकवून पाहिली. मी हलले नाही. भूक लागली की खातील, म्हटलं, आणि खाल्लं. गोळ्या आणि जेवण, दोन्ही मिळून दाब उतरला.

वर्षं गेली. हे निवृत्त झाले, वडिलांचं डोकं गेलं ते वय मागे पडलं. आणि ह्यांचं डोकं? विचारूच नका! एकदा कशावरून तरी आमची जुंपली, तर लग्नात माझ्या माहेरचं कोण रुसलं, मी कुणाला काय टोमणा मारला, सगळं ओळीनं बाहेर काढलं. एक शब्द सुटला नाही. माझा नुसता संताप संताप झाला.

"आई, ऐकताय ना? समजवा तुमच्या लेकाला!" म्हणत मी ओटीवर आले, तर सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"भांडू दे गं त्याला," त्या म्हणाल्या. "माज्या वाट्याला तेवढंबी नाय आलं."