डाव्या हाताची निब

लातूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी मला शाईचा पेन घेऊन दिला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मीच पहिला. बाबा सहीपुरतंच लिहितात, तरी दुकानात त्यांनी बरेच पेन उघडून पाहिले होते.

मी डावखुरा आहे. मोठ्यांना डाव्या हातानं काही द्यायचं नाही, त्यांच्याकडून घ्यायचं नाही, त्यांच्यासमोर लिहायचंही नाही, हे लहानपणीच अंगवळणी पडलं. त्यामुळे उजव्या हातानंही माझं अक्षर बरं येतं, पण फार सावकाश. भराभर लिहायचं तर डावाच हात लागतो. लातूरला खोलीत मी एकटाच राहायचो. कॉलेजातून येऊन कुलूप उघडलं की कळायचं, आज आपण कुणाशी बोललोच नाही. एक मात्र होतं, तिथं डाव्या हाताला कुणी टोकत नव्हतं.

पण त्या हातात बाबांचा पेन कागदात रुतायचा. बॉलपेननं भागलं असतं, पण परीक्षा याच पेननं द्यायची असं मी मनाशी धरलं होतं. घरचं म्हणावं असं जवळ तेवढंच होतं.

ग्रंथालयातल्या शिपायानं सांगितलं, नांदेडला एक जण निब घासून हाताला बसवून देतात. गावाकडं, भोकरला जाताना नांदेडला गाडी बदलावीच लागते. पुढच्या खेपेला घरी जाताना मी त्यांच्याकडे गेलो. डोळ्याला भिंग लावलेले म्हातारे काका होते. त्यांनी कागद पुढं केला आणि म्हणाले, "लिही बेटा, रोज लिहितोस तसं."

मी पेन उजव्या हातात घेतला. मुद्दाम नाही, समोर वडीलधारं माणूस होतं म्हणून. माझी बोटं बघत, मधूनमधून लिहायला लावत त्यांनी निब बारीक दगडावर घासली. पेन सुरेख चालायला लागला. चूक तिथंच लक्षात आली होती, पण इतका वेळ त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं होतं की बोलायचं धाडस झालं नाही.

लातूरला परत आल्यावर डाव्या हातात तो आधीपेक्षा जास्त रुतायला लागला. परीक्षा जवळ आली होती. मी पुन्हा नांदेडला गेलो.

"त्या दिवशी तर लई मऊ चालत होता," काका म्हणाले.

मी उजवा हात दाखवला. "मी ह्या हातानं लिहीत नाही, काका."

"मग कशानं लिहितोस, पायानं?"

"डाव्या हातानं. तुमच्यासमोर बरं दिसलं नसतं, म्हणून…"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी काय तुला प्रसाद देऊन राहिलो होतो का, उजवा हात पुढं करायला?"

बाकावर बसलेलं एक गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं. मीही हसलो. मग कागद तिरका करून मी डाव्या हातानं लिहिलं. काका वाकून पाहत होते.

"तू निब ढकलून राहिला. कोपरा वेगळा घासावा लागंल. पण मग उजव्या हातात हा चालणार न्हाई, आणि घासलेलं परत येत न्हाई. सांग."

बाबांसमोर लिहायची वेळ आली तर काय, हा विचार मनात आला.

"डाव्यासाठीच करा," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी भोकरला घरी पोचलो. बाबांनी पेन मागितला आणि वर्तमानपत्राच्या कडेला सही केली. रेघ तुटत गेली, कागद फाटला.

"बिघडला का रे?"

"न्हाई. मला चांगला चालतो."

"हाव?" लिहून दाखव असं ते म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले असते तर मी डाव्या हातानं लिहिलं असतं, तसं मी ठरवलं होतं. पण त्यांनी टोपण लावलं आणि पेन परत दिला.

परीक्षेत तो एकदाही अडला नाही. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा आवारात पोरं घोळक्यानं उभी होती, उत्तरं ताडून बघत. पेन किती छान चालला हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. थोडा वेळ मी घोळक्याच्या कडेला उभा राहिलो आणि मग खोलीवर गेलो.