सगळ्या वायरी उपटल्या तेव्हा

सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की मला सोलापुरातल्या एका शाळेचा पत्र्याचा हॉल आठवतो. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पंखे गरम हवाच फिरवत होते आणि जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून स्पर्धेत आम्हा दोघी मैत्रिणींचा रोबो धावणार होता. परीक्षकांनी तो उचलला आणि हसत विचारलं, "भावानं करून दिला का गं?" मैत्रिणीचे डोळे भरून आले. मी रोबो त्यांच्या हातातून घेतला आणि सगळ्या वायरी उपटल्या. "येडी हायस का? आपली पाळी आलीय की!" मैत्रीण ओरडली. मी म्हणाले, "सर, आता हितंच बसून बघा." सेन्सर, मोटर, बॅटरी सगळं पुन्हा जोडलं. रोबो पहिल्याच वळणावर भलतीकडे गेला. परीक्षक पुन्हा हसले. तेवढ्यात मैत्रिणीनं डोळे पुसून लॅपटॉप ओढला आणि मी घाईत उलट जोडलेल्या डाव्या-उजव्या मोटरची प्रोग्रॅममध्ये अदलाबदल केली. आता रोबो पट्टी न सोडता शेवटपर्यंत गेला. "वेळ संपलीय, तुम्ही बाद," परीक्षक म्हणाले. आता ते हसत नव्हते. "चालंल की सर," असं म्हणून आम्ही त्यांच्यासमोरच तो आणखी एकदा पळवला. आज कुणी तसं विचारलं, तरी मी वायरी उपटीनच.