यादीकडची अकरा सेकंदं

त्या शनिवारी दुपारी तळघरातल्या हॉलमध्ये तुम्ही होतात का? कीबोर्डचा आवाज मध्येच बंद पडायचा तेव्हा जे खो खो हसले, त्यांत होतात का? होतात तर मान खाली घालू नका, आधी ऐका. नव्हतात तरी ऐका.

तो कीबोर्ड वाजवणाऱ्याला सगळे यादी म्हणतात. बावन्न वर्षांचा माणूस, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याचा जुना कीबोर्ड उचलायला दोन माणसं लागत. तो खराब झाला, सुटे भाग मिळेनात, म्हणून यादी लॅपटॉपवर आला. आता समोर असतात त्या नुसत्या पट्ट्या. पियानो, व्हायोलिन, बासरी, सगळे आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचे. पट्टी दाबली की लॅपटॉपनं बोलायचं. तो गप्प बसला तर वाजवणारा आणि टायपिंगच्या क्लासला बसलेला, दोघं सारखेच.

पहिल्या वर्षी लॅपटॉपनं त्याला रडवलं. एकदा ऐन गाण्यात अपडेट सुरू झालं. एकदा शोकसभेत संथ धून चालू असताना स्पीकरमधून टिंग करून आवाज आला आणि पडद्यावर चपलांच्या सेलची जाहिरात झळकली. प्रत्येक फजितीनंतर यादीनं कानाला खडा लावला आणि लॅपटॉपजवळ ठेवलेल्या कागदावर एक ओळ वाढवली. अपडेट बंद. स्क्रीन झोपणं बंद. सूचनांच्या चौकटी बंद. आणि सगळ्यांत वर, लाल शाईनं: मोठ्या कार्यक्रमाआधी महिनाभर इंटरनेट बंद. टोपणनाव पडलं ते या कागदामुळे.

"माझ्या बाळंतपणात मला एवढं जपलं नव्हतंस," बायको म्हणायची.

"तू हँग होत नव्हतीस," तो म्हणायचा.

शनिवारचा कार्यक्रम मोठा होता, तो गर्दीमुळे नव्हे. त्याच्या थोरल्या बहिणीमुळे. ताई सव्वीस वर्षं बसस्थानकावर माईकसमोर बसून गाड्या पुकारायची. अमुक गाडी फलाट चारवर लागली आहे, असं ती म्हणाली की झोपलेला प्रवासीही न दचकता उठायचा. आणि ती गायची. पण गाताना तिनं कधी कुणाला मोबाईल धरू दिला नाही. "माणूस समोर असताना डबीत काय भरता?" म्हणायची. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल. तारीख सोमवारची. डेपोतल्या लोकांनी शनिवारी निरोप ठेवला आणि डॉक्टरांनी गायला वीस मिनिटं दिली, तीही कुरकुरत.

त्या आठवड्यात ती भावाला म्हणाली, "या वेळी रेकॉर्ड कर. नंतर मलाच ऐकायला लागेल."

एवढंच. आयुष्यात तिनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

यादीनं डोळ्यांत तेल घालून तयारी केली. साऊंडवाल्याकडून ताईच्या माईकची एक जोड वायर लॅपटॉपला घेतली. कागदावरच्या सतरा ओळींवर सतरा खुणा केल्या. महिनाभर लॅपटॉपला बाहेरचं वारं लागलेलं नव्हतं.

आणि घात तिथंच झाला. सगळे आवाज आणि रेकॉर्डिंगही ज्या एका सॉफ्टवेअरच्या ताब्यात होतं, ते दर तीस दिवसांनी इंटरनेटवरून आपल्या कंपनीला विचारतं, हा माणूस खरा गिऱ्हाईक आहे ना? उत्तर मिळालं नाही तर ते स्वतःला फुकट नमुना समजायला लागतं आणि मध्येमध्ये आवाज तोडतं. रीतसर विकत घेतलेल्या वस्तूनं महिन्याच्या महिन्याला मालकाच्या खरेपणाची चौकशी करायची, हा कुठला न्याय, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. ते पाच दिवस आधीपासून इशारा देत होतं म्हणे. पण इशाऱ्याच्या चौकटी यादीनं स्वतःच बंद केल्या होत्या. ओळ क्रमांक चार.

तीस दिवस भरले ते ताईच्या पहिल्या गाण्यात. पंचेचाळीस सेकंद आवाज, चार सेकंद शांतता. पुन्हा पंचेचाळीस, पुन्हा चार. पहिल्यांदा लोकांना वाटलं वायर हलली. दुसऱ्यांदा मागून कुणीतरी म्हणालं, "यादी, चावी द्यायची राहिली का?" आणि हॉल हसला.

यादीनं खिशातला मोबाईल काढला. तळघरात नेटवर्कची एक दांडी नाही. पहिलं गाणं संपलं तसा तो माईकवर हात ठेवून वाकला.

"ताई, पाच मिनिटं थांबतेस? वर जाऊन येतो."

"आता थांबले तर घसा पुन्हा उघडायचा नाही. तू वाजव."

"वाजत नाहीये गं."

"वाजतंय तेवढं वाजव."

वीस मिनिटं त्यानं वाजवलं. बोटं बरोबर पट्टीवर, तालात, आणि मध्येच खाली काहीच नाही. ताई त्या चार सेकंदांत सूर धरून ठेवायची. तिसऱ्या गाण्यात आधार सुटला तसा सूर किंचित उतरला. तिनं वळून भावाच्या हातांकडे पाहिलं. हात चालू होते. त्याला वाटलं, हिनं शिव्या घालाव्यात. ती पुन्हा समोर वळली आणि पुढची ओळ घेतली.

टाळ्या झाल्या. यादीनं रेकॉर्डिंग थांबवून सेव्ह दाबलं. बटण राखाडी. खाली बारीक अक्षरांत: नमुना आवृत्तीत साठवण्याची सोय नाही.

ताईची वीस मिनिटं होती. समोर, लॅपटॉपच्या पोटात होती. फक्त बाहेर येत नव्हती.

त्यानं वायरी उपटल्या आणि उघडा लॅपटॉप परातीसारखा दोन्ही हातांवर धरून जिना चढला. रस्त्यावर मोबाईलला दोन दांड्या आल्या. जोडणी झाली. कंपनीनं त्याला ओळखलं, धन्यवादही दिले. आणि लिहिलं: बदल लागू होण्यासाठी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करा.

बंद केलं की न साठवलेलं सगळं पुसलं जाणार. बॅटरी जुनी, वायर काढली की भराभर उतरणारी. सहा टक्के.

हॉलच्या फाटकाला लागून इस्त्रीचं दुकान आहे. यादीचा चेहरा पाहून इस्त्रीवाल्यानं न विचारता इस्त्रीची पिन उपटली. "घ्या, लावा इथं."

यादीनं खिसे चाचपले. चार्जर खाली स्टेजवर.

"आणायला जाल तोवर जाईल," इस्त्रीवाला म्हणाला. "तुम्ही वाजवा, मी माझ्या मोबाईलवर घेतो."

यादीला ते का सुचलं नाही, देव जाणे. त्यानं गाणं लावलं. इस्त्रीवाल्यानं मोबाईल लॅपटॉपला चिकटवला. ताईचा आवाज आला, अकरा सेकंद. मग स्क्रीन काळी झाली. इस्त्रीवाला मोबाईल तसाच धरून उभा राहिला, खाली करायचं त्याला सुचेना.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. ताई बरी आहे. वहीत लिहून बोलते. परवा तिनं लिहिलं, "लाव की रे." यादी म्हणाला, "जरा साफ करतोय अजून." तिनं लिहिलं, "तू आणि तुझ्या याद्या." तो हसला आणि नळ सोडून बाथरूममध्ये उभा राहिला. असं आता तिसऱ्यांदा झालंय. चौथ्यांदा तो काय सांगणार, त्यालाही माहीत नाही.

म्हणून हे लिहिलंय. तिसऱ्या रांगेत दोन मोबाईलचे पडदे उजळले होते, ते यादीनं स्टेजवरून पाहिलंय. ताईची नजर चुकवून तुम्ही घेतलंत, त्याबद्दल कुणी काही बोलणार नाही. ते रेकॉर्डिंग फाटकाजवळच्या इस्त्रीवाल्याकडे नेऊन द्या. कापू नका, सुधारू नका. मध्ये तुमचं हसणं असेल तर तेही राहू द्या. फक्त या आठवड्यात द्या.