झाकण उचलणारी बाई

घरात पोटुशी बाई असली की आमची अंगणवाडीची बाई आधी चुलीपाशी जायची आणि गंजावरचं झाकण उचलायची. रामराम नंतर. गंज म्हणजे आमच्याकडे भाताचं पातेलं. आत किती उरलं ते पाहायची आणि विचारायची, "कोण कोण जेवलं? हिचं झालं का?"

तुमच्याही गावात अंगणवाडीची बाई असेल. वजन करते, सही घेते, जाते. आमची तशी नव्हती. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर एकदोन सालांनी ती आमच्या गावची सून होऊन आली. अंगणवाडी आमच्या घराला लागूनच, म्हणून मी तिला रोज पाहायचो.

लोक तिला झाकणवाली म्हणत. एका सासूनं तर झाकणावर वरवंटा ठेवून दिला. बाईनं वरवंटा उचलून बाजूला ठेवला. म्हणाली, "काकू, तुमच्या घरचा भात पळून जाते का?" ती सासूही हसली. पण गंजात भात नव्हताच, हे बाईनं पाहून घेतलं होतं.

माझ्या सुनेला दिवस गेले तेव्हा आमच्या घरी उलटाच प्रकार. माझी बायको सुनेच्या ताटात भाताचा डोंगर करायची. त्यावर तूप, मग शिरा, मग लाडू. सून नको म्हणाली की म्हणायची, दोन जिवाची आहेस, खाय. सुनेचं वजन भराभरा वाढलं. दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर वर गेलेली.

बाई आली. झाकण उचललं, लाडवाच्या डब्याचंही उचललं.

"काकू, पोटात लेकरू आहे, पाहुणा नाही. आग्रह कायले करता?"

बायको भडकली. "तू माझ्या घरचे घास मोजायले येते का व? लेकरू गुटगुटीत पाहिजे का नाही?"

"गुटगुटीत पाहिजे. फुगलेलं नको."

मग बाई तिथंच खाली बसली आणि सांगत राहिली. भात थोडा कमी करा, वरण दाट करा. भाजी रोज, भिजवलेले चणे, बोडीतली, म्हणजे गावच्या लहान तळ्यातली, मासळी. जेवल्यावर तिला बोडीच्या पाळीपर्यंत, बांधापर्यंत, चालत जाऊ द्या. बायको ऐकत नव्हती. चूल फुंकत होती.

तेवढ्यात माझा पोरगा कामावरून आला आणि खाटेवर बसला. खाट करकरली. तिशीही नव्हती त्याची, पण पोट पुढे आलेलं आणि साखरेची गोळी चालू. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता. माझ्या मायनं त्याला कापसात ठेवलं होतं. जगला, तेव्हापासून बायको त्याला चारतच राहिली.

बाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि बायकोला हळूच विचारलं, "काकू, हा पोटात होता तेव्हा तुम्ही काय खात होत्या?"

मी बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीत, हात धूत होतो. बायकोनं दारातून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सारं होतं व माय घरी. काही कमी नव्हतं."

खरं मी सांगतो. तेव्हा मी वरठीला कारखान्यात जायचो, म्हणून आधी मी जेवायचो. मग भाऊ, मग माय. माय म्हणायची, पोटुशीनं जास्त खाल्लं तर लेकरू मोठं होते, अडते. बायको सगळ्यांच्या शेवटी. एकदा मी सायकलवरून परत आलो तर ती सराट्यानं गंजाची खरवड काढत होती, सोबत पेज. मी पाणी मागितलं. ती उठली आणि मला पाणी दिलं.

बाई बोलतच होती. पोटात अर्धपोटी राहिलेलं लेकरू पुढं भेटेल ते साठवते, लवकर लठ्ठ होऊ शकते. आणि मायची साखर वाढली तर तेही लेकरू फुगते. दोन्हीकडून नुकसान.

बायकोचा हात थांबला. "म्हणजे माझ्या पोराचं मीच..."

"तुमच्या घरी तं सारं होतं ना, काकू," बाई म्हणाली, आणि झाकण परत गंजावर ठेवलं.

तेव्हा मी तोंड उघडायला पाहिजे होतं. मी दुपट्ट्याला हात पुसत राहिलो.

त्या दिवसापासून बायकोनं आग्रह सोडला. संध्याकाळी सुनेला घेऊन स्वतः बोडीच्या पाळीवर जायची. नात चांगली झाली, आता तिच्यामागं धावून मी दमतो. पण पोरगा गोळी घेताना दिसला की बायको दुसरीकडे पाहायची. तिनं ते स्वतःवरच घेतलं होतं.

मागच्या साली धानाची रोवणी लागली तेव्हा बायको गेली. तेरवीला बाई आली. बायका भांडी आवरत होत्या. मी तिला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, त्या दिवशी बायको खोटं बोलली. तिच्या वाट्याला काही उरत नव्हतं.

"मले तेव्हाच समजलं होतं, काकाजी," बाई म्हणाली. "तुम्ही काहून नाही बोलले, तेवढं नाही समजलं."

मग तिनं पिशवी उचलली.

आता ती काम सोडून पोराकडे नागपूरला गेली. नवी बाई चांगली आहे, पण अंगणातूनच विचारते. सुनेला पुन्हा दिवस आहेत. मी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. सून रागावते, मी ऐकत नाही. सगळे उठले की मी झाकण उचलतो. गंजात पुष्कळ भात असतो. माझी बायको शेवटी जेवायची, तेव्हा मी हे झाकण एकदाही उचललं नव्हतं.