दरेकर, सो.

संदर्भसूची हा प्रकार ज्याने काढला, त्याला एकदा आमच्या खराडीच्या घरात आणून बसवलं पाहिजे. दिवसभर कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायचा, स्वारगेटला बस बदलून उभ्याने घरी यायचं, कुकर लावायचा आणि मग लॅपटॉपसमोर बसायचं. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नावाचं पहिलं अक्षर, मग टिंब, मग कंसात साल. एक टिंब राहिलं की त्रैमासिकवाले लेख परत पाठवतात. लेखात काय लिहिलंय ते वाचतात की नाही, देव जाणे. पण लेख छापून आल्याशिवाय पीएच.डी. होत नाही आणि पीएच.डी.शिवाय नोकरी पक्की होत नाही. म्हणून करायचं. अगदी वीट आला होता मला.

समोर आई मेथी निवडत बसलेली असायची. आई म्हणजे सोजरबाई दरेकर. माझे वडील दत्तोबा मी पाळण्यात असताना गेले. तेव्हापासून आईनं आमच्या वावरात भाजी काढली, पहाटेच्या टेम्पोत जुड्यांच्या शेजारी बसून मार्केट यार्डात नेली आणि मला शिकवलं. त्या वावराला थोरली काळी म्हणायचे. आता तिच्यावर कंपनीची काचेची इमारत उभी आहे आणि आमच्या वाट्याला हा दोन खोल्यांचा फ्लॅट आलाय. खिडकीतून कंपनीचं पार्किंग दिसतं. आई त्याला अजून मोटेची बाजू म्हणते.

आई चौथी शिकलेली. वाचायला येतं, पण वाचते फक्त लग्नपत्रिका. वरपासून खालपर्यंत, एकेका नावावर बोट ठेवून. कुणाचं नाव कुणाच्या वर गेलं, कुणाचं राहिलं, आता कोण रुसणार, सगळं ती पत्रिका हातात घेऊन सांगते. हसण्यावारी नेऊ नका. आमच्या भावकीत पत्रिकेतून नाव राहिलं म्हणून सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली आहेत.

तिचं स्वतःचं नाव मात्र कधी कुठल्या पत्रिकेत आलं नाही. विधवेचं घालायचं तर गं. भा. लावून घालायचं, आणि माझ्या चुलत्यांना, गेनबाकाकांना, शुभकार्याच्या कागदावर ते नको असायचं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा नव्हतं. वारलेल्या वडिलांचं नाव कै. लावून होतं, जिवंत आईचं नाही. पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायला घरातल्या सगळ्या बायका बसल्या, तेव्हा आई आत कांदा चिरत होती. मी काकांशी भांडायला उठले तर तिनंच मला दंडाला धरून बसवलं. "असू दे. त्यांचा मान त्यांना." मला त्याचा अजून राग येतो.

तर एका संध्याकाळी तिनं विचारलं, "रोज कुनाची नावं लिवतीस गं?"

"ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांची."

ती मेथी निवडायची थांबली. माझा लेख खराडीतल्या जुन्या वावरांच्या नावांवर होता. कुठल्या वावराला काय म्हणायचे, पाणंद कुठून जायची, विहीर कुठे होती, आता तिथे कुठली इमारत आहे. त्यातलं निम्म्याहून जास्त तिनंच सांगितलेलं.

"मंग माझं येनार का?"

"येणार की. न यायला काय झालं?"

त्या दिवसापासून तिचं रोज एकच. आलं का गं? मी म्हणायची, अजून छापायला वेळ आहे.

इकडे कॉलेजात आमचे विभागप्रमुख जगदाळे सर सूची बघून नाराज. त्यांच्या दोन पुस्तकांचे संदर्भ होते, पण नुसतं "जगदाळे, ज." असं. "आमचं डॉक्टर कुठं गेलं, मॅडम? अर्धं आयुष्य घातलं त्या अक्षरासाठी." म्हटलं, सर, नियमच आहे, नावापुढे कुणालाच काही लावायचं नाही. "असले नियम करणाऱ्यांना स्वतःला काही मिळालेलं नसतं," म्हणाले आणि निघून गेले.

महिन्याभरानं त्रैमासिकाचा मेल आला. टिंबं बरोबर होती, हे नशीब. पण दरेकर, सो. हे नाव काढा म्हणाले. तोंडी माहिती देणाऱ्यांचा उल्लेख लेखात ओघात करावा, सूचीत नाही. मी कपाळाला हात लावला. आईला सांगायची हिंमत होईना, पण तिनं तोंडावरून ओळखलं.

"काढलं व्हय?"

"सूचीत नाही घेता येत. आतमध्ये येईल, ओघात."

"म्हंजी मागच्या दारानं," आई म्हणाली आणि निवडलेली मेथी घेऊन ओट्याकडे गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिला सवय होती, तेच मला सोसेना.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथपालांना, अनंतरावांना, जाऊन विचारलं. ते आधीच कंटाळलेले, त्यात मी. "तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का, मॅडम?" असं म्हणून त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. बोलणं रेकॉर्ड करून ग्रंथालयात नोंदवलं, कुणालाही येऊन ऐकता आलं, तर सूचीत चालतं म्हणे. मग आईला घेऊन आले. ठेवणीतलं लुगडं नेसून ती ग्रंथालयात बसली आणि दुपारभर बोलली. थोरली काळी, वाकडा माळ, चिंचेची विहीर. मधेच थांबून अनंतरावांना म्हणाली, "तुमी चहा घ्या की. माझं लांबतंय." त्यांनी नोंद केली, क्रमांक दिला. मी सूची पुन्हा केली, लेख पुन्हा पाठवला आणि वाट बघत बसले.

अंक आला तेव्हा आईनं हात धुतले, पदराला पुसले आणि सूचीचं पान उघडून मागितलं. वरून सुरुवात केली, बोट ठेवून, पत्रिका वाचते तशी. जगदाळेंवरून पुढे सरकून बोट थांबलं.

"दरेकर, सो. ह्ये मीच?"

"तूच."

"आन् फुडं गं. भा. न्हाई लावलं?"

"नाही. कुणालाच काही लावत नाहीत. आमच्या सरांचं डॉक्टरसुद्धा काढलं."

तिनं पुन्हा वरपासून खालपर्यंत सगळी यादी बघितली.

"बाई कोन, बाप्या कोन, ते बी कळंना," ती म्हणाली. "रांडाव कोन ते बी न्हाई."

"नाही कळत, आई."

ती उठली आणि देवाजवळची हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली. तिनं कुंकवाला बोट लावलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बोट जरा थांबलं. मग अंकाच्या चारही कोपऱ्यांना तिनं आधी हळद लावली, मग कुंकू. तिचा आवाज रोजचाच होता.

"देवाम्होरं ठिव," ती म्हणाली. "मंग पयली गेनबाभाऊजींच्या घरी नेऊन दे."